चोच गुलाबी आहे का?

अमेरिकेत, सनीव्हेलच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत मी रुजू झाले, तेव्हा ज्यांच्या हाताखाली मला बसवलं ते गृहस्थ आडनावावरून आपल्याकडचे वाटत होते. मी धीर करून विचारलं, "तुम्ही मराठी का हो?" मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता ते म्हणाले, "नाही." मी ओशाळून खुर्ची ओढली आणि कामाला लागल्याचं नाटक केलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "सांगलीचा. तू कुठली?"

मी नागपूरची. आमच्याकडे नाही म्हणजे नाहीच असतं, त्यामुळे हा प्रकार अंगवळणी पडायला मला वेळ लागला. काका, म्हणजे हेच गृहस्थ, जगातल्या प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायचे. चहा घेणार का? नाही, आणि हात कपाकडे. मंडळाच्या गणपतीला येणार ना? नाही, आणि आरतीला सगळ्यांच्या पुढे उभे. काकू सांगायच्या, "अगं, मला बघायला आले होते ना, तेव्हा निघताना माझ्या वडिलांना तोंडावर नाही म्हणून गेले. आई रडायला लागली. मग एसटी स्टँडवरून परत आले आणि म्हणाले, तारीख कधीची धरायची?" काकू हे हसत सांगायच्या, पण तो स्टँडपर्यंत जाऊन येण्याचा तास त्या कधी विसरल्या नसाव्यात.

कामात मात्र या नाहीला अर्थ होता. सिलिकॉनची आरशासारखी चकचकीत तबकडी, तिच्यावर दाटीवाटीने छापलेल्या चिपा, आणि आमचं काम एवढंच की मायक्रोस्कोपखाली धरून ती पुढे पाठवायची की फेकायची ते ठरवायचं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून आम्ही दिवसभर तेच करायचो. पहिल्याच आठवड्यात मी एक तबकडी पटकन पास केली, तर काकांनी ती परत माझ्यापुढे ठेवली.

"चांगली कशावरून?"

"कुठे काही दिसलं नाही, काका."

"तू चांगली शोधत होतीस, म्हणून दिसलं नाही. ती वाईट का असेल, त्याची सगळी कारणं काढ. ओरखडा? धूळ? रंग उडालाय? एकेक खोडत जा. कारणं संपली आणि तबकडी उरली, तर सोड."

मी पुन्हा पाहिलं. कडेला केसाएवढा ओरखडा होता. असा माणूस डोक्यावर असला की राग येतो आणि त्याच्या हाताखालून सुटावंसंही वाटत नाही. माझं तसंच झालं.

हा झाला सोमवार ते शुक्रवारचा माणूस. शनिवारचा माणूस वेगळाच होता. उन्हाळा सरत आला की काका शनिवारी पहाटे गाडी काढून समुद्रकाठच्या मॉन्टेरेला जायचे आणि मासेमारीच्या बोटीतून भर समुद्रात पक्षी बघायला जायचे. सांगलीच्या माणसाने समुद्राचा एवढा ध्यास का घ्यावा, हे कोणालाच कळत नव्हतं. बोटीवर पक्ष्यांना बोलवायला पाण्यात लाह्या आणि माशांची आतडी टाकतात. ती आतडी काका आठवडाभर आधी आणून काकूंच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे, खवलेल्या नारळाच्या शेजारी. एकदा गणपतीत मोदकांसाठी काकूंनी घाईत भलतीच पिशवी बाहेर काढली. ती विरघळायला लागली तसे दिवाणखान्यातले पाहुणे एकेक करून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. काकूंनी त्या दिवशी काकांशी अबोला धरला. काका मात्र हळहळत होते ते वाया गेलेल्या आतड्यांसाठी.

त्यांना बघायचा होता एकच पक्षी, आखूड शेपटीचा अल्बट्रॉस. पंख पसरले तर आमच्या स्वयंपाकघरात मावणार नाही एवढा मोठा. जपानच्या एका ज्वालामुखीच्या बेटावर त्याची वस्ती. पिसांसाठी माणसांनी तिथे जाऊन त्याला काठ्यांनी मारलं, इतकं मारलं की शेवटी बेटावर एकही उरला नाही आणि शहाण्या लोकांनी तो संपला असं लिहून टाकलं. मग काही वर्षांनी थोडे पक्षी आपले आपण परत आले.

"होते कुठे मग ते?" मी विचारलं होतं.

"समुद्रावर. पोरं वाढायला समुद्रावर जातात, वर्षानुवर्षं घरी येत नाहीत. घरी नव्हते, एवढंच. आणि लोकांनी दिवस घातले." हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. कोणी आपल्याच घरच्यांबद्दल बोलल्यासारखे ते चिडायचे.

अजूनही ते अगदी थोडे होते आणि त्यातला एखादा आमच्या किनाऱ्याकडे भरकटला तर भरकटला. तो ओळखणं हीसुद्धा परीक्षाच होती. पुस्तकातला म्हातारा पक्षी पांढरा, सोनेरी डोक्याचा, तो आंधळ्यालाही ओळखता येईल. पण इकडे यायचं ते पोर, आणि पोर काळपट तपकिरी. आमच्या समुद्रावर काळ्या पायांचे साधे अल्बट्रॉस ढिगाने, तेही काळपटच. फरक चोचीत. साध्याची चोच काळी आणि तिच्या मुळाशी पांढरं. याची चोच थोराड आणि गुलाबी, पायही फिके. लाटेवर वरखाली होणाऱ्या बोटीतून, लाटेवर वरखाली होणाऱ्या पक्ष्याची चोच गुलाबी आहे का, एवढं सांगायचं.

काकांनी ते एकदा सांगितलं होतं आणि तोंडघशी पडले होते. मी यायच्या आधीची गोष्ट. सकाळच्या उन्हात एक चोच त्यांना गुलाबी दिसली, ते सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं ओरडले, धक्क्यावर उतरून आणखी दहा जणांना सांगितलं. बोटीवरच्या पक्षीवेड्यांचा म्होरक्या एक दाढीवाला शाळामास्तर होता, अमेरिकन, अबोल. त्याने फोटो काढला होता. फोटो धुऊन आला तेव्हा चोच चांगली काळी, मुळाशी पांढरी. मास्तरने तो पाकिटात घालून काकांना पाठवला, वर एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हापासून काका बोटीवर गप्प बसायचे. पुढच्या वेळी आपण जे म्हणू ते खरंच असलं पाहिजे, नाहीतर पुन्हा या लोकांत तोंड दाखवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी दोनेक वर्षांची जुनी झाले, तेव्हा काकांच्या टेबलावर फेकायच्या तबकड्यांचा ढीग वाढायला लागला. साहेब येऊन कुरकुर करून गेले. काकांनी फेकलेल्यातल्या काही मी गुपचूप पुन्हा तपासल्या, तर चांगल्या होत्या. मला वाटलं, म्हातारा आता फारच नाही म्हणायला लागला.

खरं काय ते एका रविवारी काकूंकडून कळलं. काका खाली गाडी धूत होते. काकूंनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं.

"त्यांना दिसत नाहीये गं."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणत होते, आजकाल साधं ऑपरेशन असतं, आत भिंग बसवतात, दुसऱ्या दिवशी घरी. काका ऐकायला तयार नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा तिकडे सांगलीला अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता. आणि डोळ्यांचं कंपनीत कळलं तर मायक्रोस्कोपवरून उठवतील ही भीती होतीच. कंपनीत आमची दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची, ती ते पास कसे होतात हे मी विचारल्यावर काकू हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तो अक्षरांचा तक्ता पाठ केलाय त्यांनी. मीच बसून म्हणून घेते."

मला खरंच हसावं की रडावं कळेना. एका ओरखड्यासाठी आख्खी तबकडी फेकणारा माणूस, आणि तो रात्री जेवणानंतर बायकोसमोर अक्षरं घोकतो! धूसर दिसतं, म्हणून शंका येते, आणि शंका आली की फेकायचं, म्हणून तो ढीग. निदान वाईट माल त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता.

"तू या शनिवारी त्यांच्याबरोबर जा," काकू म्हणाल्या. "बोटीवर पाय घसरला तर? मी येते दरवेळी धक्क्यापर्यंत, पण मला नाही बोटीत बसवत. आणि पुन्हा काहीतरी बघितलं म्हणाले आणि पुन्हा खोटं निघालं, तर गं? यावेळी नाही सोसायचं त्यांना."

शनिवारी काकूंना धक्क्याजवळ गाडीत सोडून आम्ही बोटीवर चढलो. काकू समुद्राकडे पाठ करून बसल्या, मांडीवर दिवाळी अंक, तोही मागच्या वर्षीचा. बोटीवर मास्तर होता, वर सुकाणूपाशी कॅप्टन, आणि पाचपंचवीस पक्षीवेडे. किनारा दिसेनासा झाला तसं आभाळ उतरलं. वारा अंगावर यायला लागला आणि निम्मी मंडळी कठड्याला धरून ओकायला लागली. काका मागच्या टोकाला बादली घेऊन उभे होते. काळे अल्बट्रॉस आले. काका दुर्बीण लावायचे, बराच वेळ धरायचे आणि पुटपुटायचे, "नाही." दुर्बिणीचं चाक ते सारखं फिरवत होते. जे स्पष्ट होणार नव्हतं ते स्पष्ट करायला बघत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

दुपार व्हायच्या आत कॅप्टनने भोंग्यावरून सांगितलं की हवा बिघडतेय, परत फिरतोय. कोणी कुरकुरलंसुद्धा नाही, एवढे सगळे गळाले होते. बोट वळली. आम्ही मागे टाकलेल्या आतड्यांचा तेलकट पट्टा लांब पडत चालला. त्यावर सात-आठ काळे पक्षी बसले होते.

काकांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"तो आत्ता उतरला तो बघ. बाकीचे सरकले."

मी बघितलं. काळा पक्षी. दुसऱ्या काळ्या पक्ष्यांत.

"सगळे सारखेच आहेत, काका."

"सारखे असते तर सरकले कशाला असते? अगं, केवढा आहे तो! मला बाकी काही दिसत नाही, पण केवढा आहे ते दिसतंय." आणि त्यांनी वळून मास्तरला हाक मारली. "बोट फिरवायला सांग!"

मास्तरने दुर्बीण लावली. पक्षी लाटेआड गेला, वर आला, पुन्हा गेला. "साधाच वाटतोय," तो इंग्रजीत म्हणाला. मग हळू आवाजात, "मागच्या वेळचं आठवतंय ना?"

"आठवतंय. रोज आठवतं. तरी बोट फिरव."

आसपासचे लोक बघायला लागले. एक बाई पोट धरून म्हणाली, "आता कृपा करून घरी चला." कॅप्टन वरून ओरडला की या लाटांत वळायचं म्हणजे बोट आडवी घालायची, एका काळ्या पक्ष्यासाठी तो ते करणार नाही. काका हलले नाहीत. चष्म्यावर खारट पाण्याचे थेंब, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मला भीती वाटली. मला कळत होतं, यांनी आता सगळं पणाला लावलंय, आणि तेही आकार बघून. चोच त्यांना दिसलेली नाही. दिसणारही नाही. खोटं निघालं तर हा माणूस धक्क्यावर उतरताना कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवणार नाही. मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले.

मास्तरने काकांकडे नीट बघितलं. मग शिडी चढून कॅप्टनकडे गेला. वर काहीतरी खडाजंगी झाली, ती वाऱ्यात ऐकू आली नाही.

बोट आडवी झाली. पहिली लाट बाजूने आदळली आणि बादली डेकवरून घसरत जाऊन कठड्यावर आपटली. कोणीतरी किंचाळलं. मी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने काकांच्या कोटाचा पट्टा. दुसरी लाट आली, बोट कलली, सावरली, आणि आम्ही पुन्हा त्या तेलकट पट्ट्याकडे निघालो.

पक्षी उडून गेला तर? गेला असता तर कोणालाच कधी काही कळलं नसतं. पण तो बसून होता.

"चोच?" काका म्हणाले.

"लाट आलीये मध्ये."

"चोच सांग."

"दिसत नाहीये, काका, थांबा."

"जे दिसतंय तेवढंच सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही. कळलं?"

लाटेने त्याला वर उचललं आणि त्याने मान वळवली.

"गुलाबी," मी म्हणाले. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. "काका, गुलाबी आहे!"

"नसेल. मळकट असेल. मुळाशी पांढरं बघ."

"पांढरं नाहीये. काळं थेट चोचीपर्यंत आहे."

"टोक?"

"टोक निळसर. चोच केवढी मोठी आहे हो! पेपरमिंटच्या गोळीसारखी गुलाबी आहे."

"पाय. पाय बघितल्याशिवाय काही खरं नाही."

कॅमेरे खटाखट वाजत होते. मघाची ती पोट धरलेली बाई बाकावर चढून उभी होती. पक्ष्याने पंख उघडले, ते उघडतच गेले, आणि तो पाण्यावरून धावत सुटला. एकेक पाऊल पाण्यावर पडत होतं. पाय फिके होते, काळे नव्हते. मी ओरडूनच सांगितलं. मग तो वाऱ्यावर उचलला गेला, आमच्या डोक्याच्या उंचीवरून एकदा तिरपा झाला आणि धुरकट हवेत दिसेनासा झाला. सगळ्या बोटीने एकच कल्ला केला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि काका दुर्बीण छातीशी धरून पक्षी गेला त्याच्या भलत्याच दिशेला बघत उभे होते.

मास्तर आला आणि त्याने काकांना मिठी मारली. अबोल माणूस, पण त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. समुद्राचं असेल किंवा नसेल. या लोकांची एक शिस्त असते. दुर्मीळ पक्षी दिसला की आपसात बोलायचं नाही, आधी प्रत्येकाने आपण स्वतः काय बघितलं ते वेगळं लिहून द्यायचं. मास्तरने कागद आणि पेन्सिल आणून पहिल्यांदा काकांच्या हातात दिली.

"तू शोधलास. तू आधी लिही."

काकांना सगळं ठाऊक होतं. चोच, मूळ, टोक, पाय, सगळं मी आत्ताच मराठीतून त्यांच्या कानात ओतलं होतं आणि बोटीवर दुसऱ्या कोणाला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. तक्ता पाठ करणाऱ्या माणसाला चार ओळी लिहिणं कितीसं अवघड होतं! पेन्सिल कागदावर टेकली. मी पाण्याकडे बघायला लागले. त्यांनी लिहिलं असतं तर मी जन्मात कोणाला सांगितलं नसतं, हेही तेवढंच खरं.

त्यांनी कागद कोराच परत केला.

"मी एक मोठा काळा पक्षी बघितला," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाले. "बाकीचे त्याच्यापासून सरकताना बघितले. गुलाबी काही मी बघितलं नाही. मला गुलाबी दिसतच नाही आता. माझे डोळे गेलेत."

कल्ला थांबला. मास्तरने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग काका माझ्याकडे वळले. मी त्यांच्या हाताखालची, रोज त्यांच्या शेजारी बसणारी. माझ्यादेखत हे बोलण्याची किंमत आम्हा दोघांनाच माहीत होती.

"सोमवारी साहेबांना मी सांगेन," ते म्हणाले. "तुला लपवायला लावणार नाही."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

धक्क्यावर काकू गाडीबाहेर येऊन उभ्या होत्या. लोकांचे चेहरे बघून त्यांना काहीतरी घडल्याचं कळलं होतं, पण चांगलं की वाईट ते कळत नव्हतं. त्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मिळाला?"

"मिळाला," काका म्हणाले. "हिला दिसला. बोटीवर सगळ्यांना दिसला."

काकूंनी पुढचं विचारलं नाही. गाडी मी चालवायला घेतली, काका मागे बसले. गावाबाहेर पेट्रोल पंपाजवळ फोनची टपरी दिसली तसे काका म्हणाले, "थांब. डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आहे ना गं पर्समध्ये?"

"अहो, शनिवार आहे आज," काकू म्हणाल्या. "बंद असेल."

"मशीन असतं त्यांच्याकडे. निरोप ठेवता येतो."

दोघं टपरीत शिरली. नंबर काकूंनी फिरवला. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. टपरीचं दार उघडंच होतं आणि काका मशीनशी बोलताना समोर माणूस असल्यासारखं मोठ्याने बोलायचे, त्यामुळे मला गाडीत सगळं ऐकू येत होतं. त्यांनी नाव सांगितलं, आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय म्हणाले, जी पहिली तारीख मिळेल ती द्या म्हणाले. आता फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी तो तसाच कानाशी धरला होता.

"घाई अशासाठी आहे," ते मशीनला समजावून सांगायला लागले, "की समुद्रावर एक पक्षी आहे. मी त्याच्या अगदी जवळ होतो."